दाजींचा मजला आणि अक्काचं पाऊल

कुणाच्याही घरात गेल्यावर माणसांच्या आधी जमिनीची विचारपूस करणारा गृहस्थ साऱ्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या, कपाळी लिहिलेला होता. आपण लोकांकडे गेलो की ‘काय म्हणता, बरं हाय का’ असं विचारतो. आमचे दाजी आधी खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहायचे, चवड्यांवर उंच व्हायचे आणि दाणकन दोन्ही टाचा खाली आदळायचे. मग डोळे मिटून, मान तिरकी करून, तळपायांनी काहीतरी ऐकत उभे. यजमान बिचारा पाण्याचा तांब्या हातात धरून ताटकळलेला. त्यानं ‘बसा की’ म्हणावं तर हे बसायचे नाहीत, आणि ‘काय झालं’ विचारावं तर बोटानं गप्प राहायची खूण करायचे. बारसं असो, साखरपुडा असो, टाच पडणारच. एकदा तर मयतीच्या घरी, वरच्या खोलीत बाया रडत बसलेल्या असताना यांनी टाच आदळली. रडणं क्षणभर थांबलं. दाजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, “चालू द्या, चालू द्या. फक्त एका कोपऱ्यात नका बसू सगळ्याजणी. जरा पांगून बसा.” आणि खरं सांगतो, बाया पांगून बसल्या. त्या माणसाच्या बोलण्यात अशी काही खात्री असायची की दुःखात बुडालेलं माणूससुद्धा आधी बूड सरकवायचं आणि मग पुढचा हुंदका द्यायचं.

दाजी औंढ्याला राहायचे आणि हिंगोलीच्या एका खासगी तंत्रनिकेतनात इमारतींचं गणित शिकवायचे. पन्नाशी उलटल्यावर लोक गुडघ्याला तेल चोळायला लागतात, यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय काय, तर लाकूड आणि काँक्रीट मिळून केलेल्या मजल्यांची थरथर. ऐकणाऱ्याला आधी हसूच यायचं. पण आमच्या भागात तो विषय घरोघरी आहे. जुन्या घरांना माळवद असतं: सागवानी तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पोरांची लग्नं झाली, खोल्या कमी पडल्या की लोक ती माती खरवडून काढतात आणि त्याच फळ्यांवर काँक्रीट ओततात. वर एक खोली चढवली की झालं. मिस्त्री म्हणतो, “सागवान हाय मालक, हत्ती नाचवा.” त्यावर दाजी म्हणायचे, “हत्ती कोण नाचवून राहिलं? घरातली बाई चालली तर फडताळातल्या बशा वाजतील, त्याचं बोला. मजला पडला तर सारं गाव धावून येतं. नुसता हलला तर कुणी ऐकत न्हाई.”

मला कळावं म्हणून त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. लाकूड एक बैल, काँक्रीट दुसरा. जू घट्ट असेल तर दोघं मिळून ओढतात, ढिलं असेल तर ज्याचा तो. इथं जू म्हणजे तुळईत पिळून वर काँक्रीटमध्ये रुतवलेले लांब स्क्रू. ते किती हवेत, किती अंतरावर हवेत, आणि तेवढे लावले तर मजला सेकंदाला किती वेळा थरथरेल, हे मजला बांधायच्या आधी कागदावर सांगता आलं पाहिजे. आठाच्या वर गेला तर चालणाऱ्याला सहसा जाणवत नाही. खाली आला की बसल्या जागी पोटात कसंतरी होतं. मजल्याचं असं गणितातलं जुळं भावंड तयार करायचं, त्याला ते ‘प्रारूप’ म्हणायचे. मी शेतीच्या औषधांचं दुकान चालवणारा माणूस. मी म्हणालो, “दाजी, लोकांना पोटात कसंतरी व्हायला हजार कारणं हायत.” ते हसले नाहीत. म्हणाले, “त्यातलं एक तरी कमी करू की.”

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही सेनगावला गेलो तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगितली जाते. बैठक नेमकी वरच्या खोलीत, आणि ती नेमकी माळवदावर काँक्रीट ओतून केलेली. पोह्यांच्या बशा समोर आल्या, मुलगी खाली मान घालून बसली, आणि दाजी उठले. मी कपाळाला हात लावला. दाणकन आवाज झाला, बशांतले चमचे वाजले, आणि माझे होणारे सासरे ताडकन उभे राहून म्हणाले, “पाव्हणे, काही चुकलं का आमचं?” दाजींनी डोळे उघडले आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, “मजला मऊ हाय. पोरगी चांगली हाय. दोन्हीचा एकमेकाशी संबंध न्हाई, तुमी पुढं बोला.” त्या घरानं पुढच्याच उन्हाळ्यात तुळयांखाली आधार दिले, तेही दाजींना बोलावून. माझी बायको आजही म्हणते, आपलं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं, सगळे जमिनीकडं बघत होते.

औंढ्याच्या स्वतःच्या घरावर तर त्यांनी मनसोक्त प्रयोग केला. वडिलांच्या दोन खोल्यांचं माळवद उतरवलं, तुळया पारखून घेतल्या, हातानं स्क्रू पिळले, काँक्रीट ओतताना दिवसभर मिस्त्रीच्या उरावर बसले आणि वर एक लांबरुंद खोली काढली. तिथंच अक्काचा स्वयंपाक, तिथंच यांचं टेबल. मजल्याला चिकटवायची यंत्रं आली, त्यांच्या वायरी लॅपटॉपला जोडल्या. आता चालायला कुणीतरी हवं. आधी विद्यार्थी आणले. एक जण पाहुण्यासारखा दबकून चालायचा, दुसरा मिरवणुकीत असल्यासारखा. शेवटी यांच्या लक्षात आलं की घरातच सोनं आहे. आमच्या अक्काची चाल लहानपणापासून अशी की तिच्यावर घड्याळ लावावं. डोक्यावर दोन घागरी घेऊन आली तरी पाऊल मागंपुढं नाही, घाई झाली तरी नाही, रागावली तरी नाही. मग काय, अक्का कुकर लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची आणि दाजी पडद्यावर वरखाली होणाऱ्या रेघा बघून खुलायचे. प्रत्येक फेरी लाल कापडी पुठ्ठ्याच्या एका जाड रजिस्टरात उतरायची. अक्का मला म्हणायची, “लोकांच्या बायका लग्नात सात पावलं चालतात अन् सुटतात. मला या माणसानं जलमभर चालवलं.” पण सांगताना तिच्या तोंडावर असं काही हसू असायचं की तक्रार कुठं संपली आणि कौतुक कुठं सुरू झालं हे कळायचं नाही. तिच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग संक्रांतीनंतर एके सकाळी, भाकरी थापता थापता, अक्का म्हणाली, “अहो, मजला हलून राहिलाय.”

दुसरा कुणी नवरा असता तर ‘तुला भास होतोय’ म्हणून वर्तमानपत्रात डोकं घातलं असतं. दाजी खुर्चीवरून उठले ते थेट जमिनीवर पालथे झाले, गालफड फरशीला लावून. काही नाही. पाण्यानं भरलेलं फुलपात्र ठेवलं. पाणी निवांत. यंत्र बघितलं. रेघ सरळ. प्रारूपाप्रमाणे तो मजला आठाच्या बराच वर होता, कुणाला जाणवायलाच नको. पण अक्का म्हणत होती, हललं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, आवाजात नुसता उत्साह. “पाव्हणे, माझ्या प्रारूपात कुठंतरी खोट हाय.” मी म्हणालो, “कशावरून?” तर म्हणाले, “तुमची बहीण म्हणते मजला हलतो. गणित चुकू शकतं. ती खोटं काहून बोलंल?”

त्यानंतर सहा महिने त्या घरात दुसरा उद्योग नव्हता. अक्काला हललेलं जाणवलं की तिनं सांगायचं, यांनी तारीख, वेळ, ती कुठं उभी होती, तोंड कुठं होतं, हातात काय होतं, सगळं रजिस्टरात लिहायचं. खोलीची फरशी खडूनं चौकोन आखून वाटून टाकली. ज्या चौकोनात जास्त वेळा हललं तिथले स्क्रू तपासले, खालून नव्या सळया दिल्या, एक आडवी तुळई घातली. दोन दिवस बरं वाटायचं. मग पुन्हा अक्का दाराची चौकट धरून उभी. आमच्या जिल्ह्यात तशीही जमीन अधूनमधून गुरगुरते, भांडी वाजतात, लोक उंबऱ्याबाहेर पळतात. एका दुपारी अक्का खिडकीतून शेजारणीला म्हणाली, “तुमच्याकडं हललं का गं?” झालं. सगळी गल्ली लेकराबाळांसकट रस्त्यावर. तास-दीड तास लोक उन्हात बसून राहिले, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची भाजी करपली, आणि हललं काहीच नाही. लोक दाजींवर चिडले. दाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले, “तुमाला जाणवलं न्हाई म्हणून हललं न्हाई, असं कोण म्हणलं?”

मी त्या वेळी पोट धरून हसलो. अक्कासमोर हसलो. म्हणालो, “अक्का, दाजीनं तुला भूकंप मास्तरीण करून टाकलं.” ती पण थोडं हसली. तेव्हा तिनं एका हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती. मी ते बघितलं होतं. बघून हसलो होतो.

नागपंचमीला अक्का माहेरी, हिंगोलीजवळच्या गोरेगावला आली. आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरापाशी, कडुलिंबाला झोका बांधलेला, बायकांची गर्दी, पोरींची गाणी. मी दुकानातून जेवायला तिकडं गेलो तर अक्का सगळ्यांपासून बाजूला, लिंबाच्या बुंध्याला कवटाळून उभी. पाय काळ्या मातीत, चपलासुद्धा नाहीत. मला बघून हळूच म्हणाली, “बाबा, इथं बी हलून राहिलंय रे.” कुणीतरी म्हणालं, झोक्यानं चक्कर आली असंल. अक्का म्हणाली, “झोक्यावर बसलेच न्हाई मी.”

मी दाजींना फोन केला. औंढ्याहून मोटारसायकल दामटत ते दुपार कलायच्या आत आले. अक्का तोवर बाजेवर बसली होती. त्यांनी तिला उठवलं नाही, विचारलंही नाही. आधी लिंबाखाली गेले, चवड्यांवर उंच झाले, टाचा आदळल्या. पावसानं भिजलेली माती, टाचा नुसत्या रुतल्या. काळ्या मातीत कसली थरथर यायची? तिथंच, चिखलात पाय रुतलेले, ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “अगं, जरा माझ्याकडं चालत ये.” अक्का उठली. दहा-बारा पावलं असतील. घड्याळ लावावं अशी ती चाल, आणि त्या दिवशी तिचा एक पाय पडत होता इथं, दुसरा पडत होता भलतीकडं, जसं रात्रंदिवस चालत आलेलं माणूस शेवटच्या वळणावर चालतं. दाजी तिच्या पायांकडं बघत होते. इतके महिने तो माणूस तिच्या पायांखालच्या जमिनीकडं बघत होता, पायांकडं त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांचं तोंड असं पांढरं पडलं की मी त्यांनाच धरायला धावलो.

नांदेडच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ होती, जिथून माणसाचा तोल सांभाळला जातो तिथं. डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, “हा त्रास केव्हापासून?” बाकीचे लोक अशा वेळी म्हणतात, झाले असतील दोन-चार महिने. दाजींनी पिशवीतून लाल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला लागला. म्हणाला, “इतकी बारीक नोंद घेऊन माझ्याकडं आजवर कुणी आलं नाही.” तो सहज बोलून गेला. मग मधल्या पानांवर त्याचं बोट थांबलं. तिथं ओळीच्या ओळी तांबड्या शाईनं खोडलेल्या होत्या. “ह्या का खोडल्यात?”

दाजी म्हणाले, “तिची पावलं बराबर पडत नव्हती. चुकीचं वाचन म्हणून खोडलं.”

डॉक्टरनं रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हातांनी दाजींकडं सरकवलं. म्हणाला, “हे घेऊन आधी यायला हवं होतं.” त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं. थोडे दिवस बरे गेले. दाजींनी कॉलेजातून रजा घेतली, प्रबंध गुंडाळून ठेवला, मजल्यावरची यंत्रं उपटून खोक्यात भरली आणि अक्काचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं. तिला धरून चालवायचे, दोघं मिळून एक-दोन-एक-दोन मोजायची, अक्का त्यांच्या खांद्यावर रेलून म्हणायची, “आता कोण मोजतंय अन् कोण चालतंय?” होळीच्या आधी ती गेली. तेराव्याचं सगळं आटोपल्यावर, मांडव सोडत होते तेव्हा दाजी माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “पाव्हणे, मला एकदा तरी शिवी द्या. कुणीच देऊन न्हाई राहिलं.” दोरी सोडायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

आता ते दर रविवारी आमच्याकडं गोरेगावला येतात. येतात, भिंतीला टेकून बसतात, चहा घेतात, सोयाबीनचा भाव विचारतात, जो त्यांना कळत नाही, आणि संध्याकाळच्या जीपनं परत जातात. हल्ली इतके साधे झालेत की बघवत नाही. गेल्या पावसाळ्यात असंच बसले होते. एकादशी होती. माझी बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, “जरा गरगरल्यासारखं होऊन राहिलं बाई.” बस. एवढंच. दाजी तीरासारखे उठले. “वहिनी, चप्पल घाला.” ती म्हणाली, “अहो उपास हाय, काही न्हाई.” मी म्हणालो, “गावातल्या डॉक्टरला दाखवू की.” “न्हाई. हिंगोलीला. आत्ताच.” आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या. जीपवाल्याला त्यांनी मधे एकही सवारी घेऊ दिली नाही. चहाचे कप तसेच राहिले.

दवाखान्यात बायकोला आत घेतलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. तासाभरानं नर्स येऊन सांगून गेली, काही नाही, उपाशी आहेत म्हणून, केळं खायला दिलंय. दाजी “बराबर पाहिलं ना बाई?” असं तीनदा विचारून बाकावर बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. चार माणसं बघत होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही.

मी म्हणालो, “दाजी, नांदेडला अक्का तुमच्याबद्दल बोलली होती. मी वर्षभर तुमाला सांगितलं न्हाई.”

त्यांनी तोंड वर केलं.

“म्हणली, त्यांना काही बोलू नको. मी जर म्हणले असते सूर्य हलून राहिला, तर हा माणूस शिडी घेऊन गेला असता. पण मला खोटी म्हणला नसता.”

“मग वर्षभर काहून सांगितलं न्हाई?”

“कारण पुढं म्हणली, तू हसला होतास बरं का बाबा.”

एवढं बोलून मीच तोंड झाकून घेतलं. दाजींनी त्यांचा थोराड हात माझ्या पाठीवर ठेवला. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. नाक पुसून, समोरच्या भिंतीकडं बघत, अगदी गंभीरपणे, जणू मनातल्या मनात आकडे मांडून झाल्यासारखे म्हणाले, “तेवढी उंच शिडी मिळाली नसती.” आणि जरा थांबून, “पण गेलो असतो.”

बायको केळं खात बाहेर आली आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली. दाजी उठून तिला बसायला जागा करून देत म्हणाले, “बसा वहिनी, दमानं खा. काही घाई न्हाई.”